मदत हवी आहे: आईला (वय ७१, पोहता येत नाही) स्कॅलप वेचायला न्यायचंय

नमस्कार मंडळी,

आम्ही फ्लोरिडात टँपाला राहतो. माझी आई चार महिन्यांसाठी आली आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस इथल्याच किनाऱ्यावरच्या होमोसासाला स्कॅलप वेचायला जायचं चाललंय. आम्ही दोघं, मुलगा (११), मुलगी (५) आणि आई. भाड्याची होडी, नवरा चालवणार.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: स्कॅलप म्हणजे पंख्यासारखा, रेघारेघांचा शिंपला. आपल्याकडच्या तिसऱ्या (खाडीतले छोटे शिंपले) वाळूत रुतून बसतात, हा मात्र समुद्रातल्या गवतावर उघड्यावर पडलेला असतो. हात जवळ नेला की दोन्ही शिंपा फडफडवत चक्क पोहत पळतो. कडेने निळ्या डोळ्यांची रांग असते, त्या डोळ्यांवरूनच तो सापडतो. फ्लोरिडात त्याची धंद्यासाठी पकड बंद आहे, म्हणून इथला ताजा खायचा तर आपणच पाण्यात उतरायचं.

गेल्या वर्षी आम्ही गेलो होतो. पाच तासांत मिळाले १४. दुपारी तीनला आभाळ काळं झालं, विजा चमकायला लागल्या आणि पळत आलो. १४ स्कॅलपांचं काय करणार? मुलाने लोण्यात परतून एकट्याने संपवले.

आई मूळची मालवणजवळच्या देवबागची. लहानपणी कर्लीच्या खाडीत ओहोटीला पायाने चाचपून तिसऱ्या काढायची. गेल्या वर्षीचे फोटो पाहून पहिला प्रश्न, "इतक्या जणांनी मिळान चौदाच?" मी म्हटलं, तू होडीत सावलीत बस, आम्ही वेचतो. त्यावर, "आणि मी काय होडयेत बसान तुमचे टुवाल राखू?"

तर प्रश्न असे. पाणी चार ते सहा फूट असतं आणि आईची उंची चार फूट अकरा. तिला कुठे उतरवता येईल? तिच्यासाठी मासेमारीचं लायसन्स लागेल का? (इथे ६५ च्या वर लागत नाही असं ऐकलंय.) आणि सगळ्यात मोठा वाद: आईला एकशिपी (एक शिंप काढून, मांस दुसऱ्या शिंपेतच ठेवून करतात तो तिसऱ्यांचा मालवणी पदार्थ) करायची आहे. इथले लोक फक्त मधला पांढरा गोळा ठेवतात, बाकी सगळं फेकतात. हे ऐकून ती हादरली आहे. "पोटातला सगळा काढून टाकतत? मगे खातत काय, शिपी?" तिला काय सांगू?

प्रतिसाद: गल्फवाला

६५ ची सूट फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना. आई पाहुण्या आहेत, त्यांचं तीन दिवसांचं लायसन्स काढा, १७ डॉलर. त्या नुसत्या बघणार असल्या तरी काढा, भर समुद्रात अधिकाऱ्याशी वाद नको. १६ खालच्या मुलांना लागत नाही. परवानाधारक कॅप्टनसकट होडी घेतली तर प्रवाशांना वेगळं लागत नाही, पण ते महाग पडतं.

माणशी दोन गॅलन शिंपल्यांसकट, किंवा एक पिंट साफ केलेले. अख्ख्या होडीची मर्यादा दहा गॅलन. त्या भागात हंगाम १ जुलै ते २४ सप्टेंबर, तरी जाण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर बघाच. जवळच्या दुसऱ्या काउंटीत तारखा वेगळ्या असतात.

प्रतिसाद: उधाण

१४ का मिळाले ते सांगतो. तुम्ही पाणी जोरात वाहत असताना गेला असणार. प्रवाहात गवत आडवं पडतं आणि स्कॅलप खाली झाकले जातात. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थबकतं तेव्हा गवत उभं राहतं, तेव्हा दिसतात. वेळापत्रक बघून ती वेळ सकाळी येईल असा दिवस निवडा, दुपारच्या पावसाच्या आत परत येता येतं. आईंना विचारा, सुकती-भरतीचं गणित त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येत असेल.

आणि गवताच्या मधोमध शोधू नका. गवत आणि वाळूचे उघडे तुकडे जिथे भेटतात त्या कडा धरा.

प्रतिसाद: कुडाळची सून

माझ्या सासूबाईंना पण पोहता येत नाही. आम्ही तळाला पारदर्शक पत्रा बसवलेली बादली नेली होती. होडीच्या शिडीवर बसून ती पाण्यावर टेकवायची, खालचं सगळं स्वच्छ दिसतं. त्या बोट दाखवायच्या, नातू बुडी मारायचा. उतरायचंच असेल तर कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, हाताला धरून. पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, म्हणजे तळाला पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असला तर आधीच सरकतो. पायात जुने बूट हवेतच.

मुलगी ५ वर्षांची आहे ना? सहाच्या खालच्या मुलांना छोट्या होडीत लाइफ जॅकेट कायद्यानेच घालावं लागतं. भाड्याच्या होडीतलं मापाचं नसतं, स्वतःचं न्या.

प्रतिसाद: गल्फवाला

झेंडा राहिला. लाल, वर पांढरा तिरका पट्टा. माणसं पाण्यात असताना होडीवर लावायचा (किमान २० बाय २४ इंच), सगळे वर आले की काढायचा. खुल्या पाण्यात तीनशे फुटांच्या आत येणाऱ्या होडीला अगदी हळू यावं लागतं. पोरगा झेंड्यापासून लांब जाऊ देऊ नका. जुलैच्या शनिवारी तिथे होड्यांची जत्रा असते, जमलं तर मधला वार बघा.

प्रतिसाद: खादाड

एवढा उपद्व्याप कशाला, दुकानात गोठवलेले मिळतात की.

प्रतिसाद: कुडाळची सून

@खादाड, तिसऱ्या पण गोठवलेल्या मिळतात. मग?

एकशिपीबद्दल. शिंपला पाणी गाळून खातो, लाल भरतीसारख्या वेळी (समुद्रात विषारी शेवाळ माजतं तेव्हा) त्यातलं विष पोटात साठतं, पांढऱ्या गोळ्यात नाही. म्हणून पोट टाकायचं. आणि तिसऱ्या आपण रात्रभर पाण्यात ठेवतो, त्या वाळू टाकतात. स्कॅलप शिंपा घट्ट मिटत नाही, पाण्याबाहेर टिकत नाही. पकडल्याबरोबर बर्फावर, वितळलेलं पाणी काढत राहायचं. गारठला की आपोआप सैल उघडतो, मग साधा स्टीलचा चमचा घालून वरचा भाग सोडवायचा, काळं खरवडायचं. गोळा खालच्या शिंपेला चिकटलेला राहतो. आता आईंना सांगा, हीच तुमची एकशिपी. वर ओल्या खोबऱ्याचं वाटण, दोन कोकमं, दोन-तीन मिनिटं वाफ. जास्त शिजवलं तर रबर.

मूळ लेखिका

जाऊन आलो! बुधवारी गेलो, सकाळी साडेनऊला पाणी थबकलं. बादलीची युक्ती अफाट. आई शिडीवर बसून, "थंय, थंय, तुझ्या डाव्या पायाकडे, अरे डावो!" मुलगा रडकुंडीला आला, पण दीड तासात पावणेतीन गॅलन. नंतर ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि स्वतःच्या हाताने ११ काढले. बारावा पळाला, त्याला मालवणीत जे काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

एकशिपी झाली. आईचं मत: तिसरीची सर नाही, गोड जास्त आहे, पण "बरी लागता". पोटं फेकताना मात्र तिने पाठ फिरवली.

शिंपा नदीच्या तोंडाशी न टाकता घरी आणल्या (ढिगांनी पोहणाऱ्यांचे पाय कापतात, गवतही मरतं असं धक्क्यावर कळलं). आईला त्या धुऊन देवबागला न्यायच्या आहेत. तर आता नवा प्रश्न: पिशवी डिकीत फुटली. तीन दिवस झाले, खायचा सोडा झाला, व्हिनेगर झालं. वास जात नाही. कुणाला उपाय माहीत आहे?