मदत हवी आहे: समितीपुढे बहिणीने पुन्हा सगळं सांगायलाच हवं का?

उंबरठा
गुरुवारी बोलावलंय, म्हणून घाईत लिहितेय. लहान बहिणीने लैंगिक छळाची तक्रार केली आहे. आधी एचआरला सांगितलं, मग मॅनेजरला, मग अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीला. आता समिती म्हणते पुन्हा पहिल्यापासून सांगा, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोही समोर बसणार. ती गेली नाही तर तक्रार निकालात काढतात का? रात्री तीनतीनदा उठून दाराची कडी बघते. ताटातला भात चिवडत बसते. फक्त हो की नाही सांगा.

कडुलिंब
असं हो-नाही कसं सांगणार? ऑफिस की कॉलेज? घडलं कधी? तक्रार लेखी दिली आहे का?

रोखठोक
समितीत कंपनीचीच माणसं असतात. सरळ एफआयआर करा. माझ्या मैत्रिणीने समितीच्या नादात पाच महिने घालवले, हाती काही लागलं नाही.

सायंतारा
रोखठोक, पोलिसांत जायचं की नाही हे तिला ठरवू द्या. मी यातून गेलेय. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून मला दुसऱ्या शाखेत पाठवलं, तो मात्र त्याच खुर्चीत. सगळ्यांना वाटलं चूक माझीच असणार. माझी झोप उडाली ती त्यानंतर. मला काय हवंय हे एकानेही विचारलं नव्हतं.

रोखठोक
म्हणूनच तर म्हणतोय, पोलिस!

सायंतारा
ज्यांच्यामुळे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा १९९७चा विशाखा निकाल आला, त्या भंवरीदेवींच्या खटल्यात १९९५ मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले होते. तोही रस्ता सरळ नाही. तिची तयारी असेल तर जाऊ दे, पण ढकलू नका.

पाऊलखूण
ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

उंबरठा
आमच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, अडीचशे माणसं आहेत. ऑफिसच आहे. फेब्रुवारीत घडलं, एप्रिलमध्ये लेखी तक्रार दिली. तिलाच खालच्या मजल्यावर बसवलंय. त्याची जागा लिफ्टसमोर आहे म्हणून ही जिन्याने चढते-उतरते. आणि हो, तिचं अप्रेझल अजून तोच लिहितो.

कडुलिंब
अहो, हे आधी सांगायचं! मी एका समितीवर बाहेरची सदस्य आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एका तारखेला गेली नाही म्हणून तक्रार बंद होत नाही. पुरेसं कारण नसताना लागोपाठ तीन सुनावण्या चुकल्या तरच समिती चौकशी थांबवू शकते, आणि त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण नुसती गैरहजर राहू नका, कारण लिहून कळवा.

दोघांचं ऐकून घ्यायचं असतं हे खरं, पण समोरासमोर बसवायलाच हवं असं कामाच्या जागच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. त्याचे प्रश्न लेखी घेऊन समितीने तिला विचारावेत, असं मागा. आमच्याकडे आम्ही तसंच करतो. आधीचा जबाब वाचून दाखवा, सुटलं असेल तेवढंच विचारा, हेही मागा.

याच कायद्याच्या कलम १२ खाली चौकशी चालू असताना तिच्या लेखी विनंतीवरून तिची किंवा त्याची बदली करता येते. तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, ती तिच्या नेहमीच्या रजेतून कापत नाहीत. तिचं अप्रेझल त्याच्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देता येतं. तिने न मागता तिलाच हलवलं असेल, तर त्याला दिलासा म्हणू नका. लिहून विरोध करा.

सरळरेघ
दुसरी बाजूही बघा. खोट्या तक्रारींवर कारवाई होते, कलम १४.

कडुलिंब
त्याच कलमात पुढे लिहिलंय की पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तिच्यावर कारवाई होत नाही. ती आधीच घाबरलेली आहे. या धाग्यावर हा विषय नको.

सायंतारा
उंबरठा, रात्री तिच्याजवळ झोपा. पण "काय झालं होतं नेमकं" असं तुम्हीही पुन्हा विचारू नका.

उंबरठा
मी विचारत होते. रोज.
अर्ज लिहायला बसलोय दोघी. बदली त्याची मागायची, असं ती स्वतः म्हणाली. मेल करायचा की हातात द्यायचा?

कडुलिंब
दोन्ही करा. आपल्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, तेही त्यात लिहा.