हेत्मान, काश्तेलान, स्तारोस्ता : मराठीत काय म्हणावं?

सुमेधा
नमस्कार मंडळी. सोळाव्या शतकातल्या युरोपीय माणसांवर मराठीत एक पुस्तक होतंय, त्यातलं पोलंडच्या यान झामोयस्कीचं (१५४२–१६०५) प्रकरण मी लिहिलंय. संपादकांकडून ते परत आलं तेव्हा सगळी पदनावं बदललेली होती. माझं मूळ वाक्य असं : "१५७६ साली उप-कान्त्सलेश, १५७८ साली कान्त्सलेश आणि १५८१ साली हेत्मान झालेला झामोयस्की क्राकुफचा स्तारोस्ताही होता." छापायला निघालेलं वाक्य : "उपपंतप्रधान, पंतप्रधान आणि सेनापती झालेला झामोयस्की क्राकुफचा जहागीरदारही होता."

वाचायला सोपं झालं, हे मान्य. पण पुढे १५८४ सालचा प्रसंग येतो. साम्युएल झ्बोरोव्स्की हा बडा सरदार. एका काश्तेलानाच्या, म्हणजे सेनेटमध्ये (संसदेच्या वरच्या सभागृहात) बसणाऱ्या पदाधिकाऱ्याच्या, खुनाबद्दल आधीच्या राजाने त्याला हद्दपार केलं होतं. तरी तो देशात उघड फिरत होता. झामोयस्कीने त्याला पकडलं आणि क्राकुफला त्याचं डोकं उडवलं. हे त्याने कान्त्सलेश म्हणून केलं नाही, हेत्मान म्हणूनही नाही. क्राकुफचा स्तारोस्ता म्हणून त्याच्या हद्दीत राजाची तलवार त्याच्या हाती होती, त्या अधिकारात केलं. आता "जहागीरदाराने सरदाराचं डोकं उडवलं" असं वाचलं की वाचकाला वाटणार, दोन घराण्यांचं वैर. वैर होतंही, पण कायदा काय होता ते त्या शब्दाने पुसलं जातं.

तर स्तारोस्ताला काय म्हणू? बाकीच्यांनाही काही सुचत असेल तर सांगा.

कृष्णाकाठ
सुभेदार. शिक्षेचा अधिकार, वसुली, राजाने नेमलेला. झालं की.

जुना दफ्तरदार
सुभेदार नाही बसत. सुभेदाराला सुभा लागतो, आणि पोलंडचा सुभा वोयेवोदाकडे, म्हणजे प्रांताच्या प्रमुखाकडे. स्तारोस्त्यांचे दोन प्रकार होते हे आधी लक्षात घ्या. एक 'ग्रोद'वाला, म्हणजे ज्याच्याकडे गढी, कचेरी आणि फौजदारी न्याय. दुसऱ्याकडे नुसती राजाची जमीन, उत्पन्न खायला, तेही हयातीपुरतं. पहिल्याला मी फौजदार म्हणेन, दुसऱ्याला मोकासदार. झामोयस्कीकडे दोन्ही प्रकारच्या जागा होत्या, म्हणून ताईंचा घोळ होतोय. मूळ शब्द एकच आहे, आपल्याकडे दोन निघतात.

अनिकेत, वार्सा
मी इथे पोलंडमध्ये राहतो, म्हणून मध्ये बोलतो. स्तारोस्ता हा शब्द रोजच्या वापरातला आहे. 'पोवियात' म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी, त्याच्या प्रमुखाला आजही स्तारोस्ता म्हणतात. त्याला लोकांनी निवडून दिलेलं मंडळ निवडतं. एका मित्राची गाडी नोंदवायला त्याच्याबरोबर त्या कचेरीत गेलो होतो. टोकन घ्यायचं, काचेपलीकडे बाई, भिंतीवर गरुडाचं चिन्ह, आणि दारावर मोठ्या अक्षरात 'स्तारोस्त्वो'. शिवाय विद्यापीठात आमच्या वर्गाचा प्रतिनिधीही स्तारोस्ताच होता. परीक्षेची तारीख बदलायची तर प्राध्यापकांकडे तो जायचा. सुगीच्या सणात पहिल्या पिकाची पोळी घेऊन पुढे चालणाऱ्या जोडप्यालाही स्तारोस्ता आणि स्तारोश्चिना म्हणतात. 'स्तारी' म्हणजे म्हातारा, वडील. त्यामुळे मूळ अर्थ 'थोरला' इतकाच आहे. फौजदार म्हटलं की हे सगळं तुटतं.

कृष्णाकाठ
मग पाटील म्हणा! गावचा थोरला, सणात मान, सरकारदरबारी जबाबदारी.

सुमेधा
पाटीलकी वतन आहे हो, पिढीजात. स्तारोस्ता मेला की जागा राजाकडे परत, राजा दुसऱ्याला देणार. त्या काळातल्या पोलंडचं अर्धं राजकारण या 'परत आलेल्या' जागांभोवती फिरतं. पदं राजाने द्यायची, पण एकदा दिली की काढून घेता यायची नाहीत. म्हणून राजाच्या हातात देणं होतं, धाक नव्हता. झामोयस्की १५८७ नंतर तिसऱ्या झिग्मुंटशी उघड विरोधात गेला, १६०५ च्या सेय्ममध्ये, म्हणजे संसदेत, राजाच्या तोंडावर बोलला, आणि तरी मरेपर्यंत कान्त्सलेश आणि हेत्मान राहिला, ते यामुळेच. 'जहागीरदार' शब्दात राजाची मर्जी फिरली की जहागीर गेली, हे गृहीत आहे. नेमकं उलटं चित्र उभं राहतं.

पंडितकन्या
माझं मत थोडं वेगळं आहे. फौजदार, सुभेदार, जहागीरदार, मोकासदार : सगळे फारसी! पोलिश शब्द काढून फारसी घालायचे, याला मराठीकरण कसं म्हणायचं? शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच कारणासाठी. पेशव्याचा प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. तीच वाट आपण धरावी. हेत्मान : महासेनापती. कान्त्सलेश : मुद्राध्यक्ष. काश्तेलान : दुर्गपाल. स्तारोस्ता : दंडनायक.

जुना दफ्तरदार
कोश झाला, राज्याभिषेक झाला, आणि शंभर वर्षांनी सगळा मुलूख 'पेशवे'च म्हणत होता. वापर जिंकतो.

पंडितकन्या
आणि आज मंत्रालयात कोण बसतं? सुरनीस की सचिव? वाकेनवीस की मंत्री? कोर्टात काझी की न्यायाधीश? कोशातले शब्द तीनशे वर्षं जिरले आणि मग वर आले. वापर जिंकतो, पण कधी जिंकतो ते तुम्ही ठरवू नका.

जुना दफ्तरदार
ते शब्द वर आले ते छापखान्याच्या आणि सरकारी परिभाषेच्या जोरावर, कोशातून नव्हे. पण ते राहू द्या. मुद्राध्यक्ष चांगला आहे, तो मला पसंत. मोठी मोहोर कान्त्सलेशकडे, धाकटी उप-कान्त्सलेशकडे. आणि हा 'उप' त्याच्या हाताखालचा नव्हता, दोघांचे अधिकार जवळपास सारखे. राजाचा कागद कायद्याविरुद्ध असेल तर मोहोर उमटवायला नकार देता येत असे. म्हणून 'उपपंतप्रधान' सपशेल चूक आहे. आपल्याकडे एकाच पत्राला माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब. तिथे मोहोरा दोन, माणसंही दोन.

पण दुर्गपाल नको. काश्तेलानाच्या ताब्यात त्या काळी किल्ला नसायचाच. नाव किल्ल्यावरून पडलं, काम उरलं सेनेटमध्ये बसण्याचं. आणि क्राकुफचा काश्तेलान तर मानाने सगळ्या वोयेवोदांच्या वर, बिगर-धर्मगुरू सेनेटरांत पहिला. किल्लेदार सुभेदाराच्या वर बसला असं लिहिलंत तर वाचक पुस्तक मिटेल.

सुमेधा
हो, आणि गंमत म्हणजे हेत्मानाला हेत्मान म्हणून सेनेटमध्ये जागाच नव्हती. झामोयस्की बसायचा तो कान्त्सलेश म्हणून. त्याचे वडील स्तानिस्वाव हेउमचे काश्तेलान होते, म्हणून ते बसायचे.

वासंती जोग
मला पदांपेक्षा हा माणूसच जास्त आवडला. पादुआला कायदा शिकला, तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याला रेक्टर निवडलं, रोमन सेनेटवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं, परत येऊन राजाच्या दप्तरखान्याची मांडणी लावली. मग हा लेखणीवाला माणूस १५८१ च्या हिवाळ्यात रशियातल्या प्स्कोफच्या वेढ्यात! राजा बातोरी निघून गेला, फौज बर्फात, पगार थकलेला, आणि हा रशियाशी यम झापोल्स्कीचा तह होईपर्यंत छावणी उठू देत नाही. सैनिक त्याला शिव्या घालत होते म्हणे. कान्त्सलेश आणि हेत्मान एकच माणूस, हे तिथे विरळ होतं ना? आपल्याकडे अष्टप्रधानांत न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर सगळ्यांना मोहिमेवर जावं लागे. मराठी वाचकाला त्यात आश्चर्यच वाटणार नाही. ते आश्चर्य शब्दांतून कसं आणणार?

कृष्णाकाठ
हेत्मानाला सरनोबत. पगारी फौजेचा मुख्य. तो शब्द मराठी वाचकाला माहीत आहे, वजनही आहे.

जुना दफ्तरदार
हा मात्र जमतो. कारण वोयेवोदा नेतो ती प्रांतातल्या उमरावांची फौज, स्वतःच्या घोड्यानिशी आलेली. हेत्मान नेतो ती पगारी. आपल्या शिलेदार-बारगिरांसारखं. आणि पगार कुठून? 'क्फार्ता' नावाच्या करातून, म्हणजे चौथाई! १५६३ पासून राजाच्या जमिनींच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा सरहद्दीच्या फौजेला. लॅटिन 'क्वार्ता' आणि आपलं 'चतुर्थ' एकाच कुळातले, म्हणजे शब्दही सख्खा. चौथ म्हणा बिनधास्त.

सुमेधा
चौथ नको हो काका. चौथ परमुलखातून घ्यायची, क्फार्ता राजाच्या स्वतःच्या जमिनीतून. आणि हिशेबाने ती चौथाई राहिलीच नाही : आधी स्तारोस्त्याचा पाचवा हिस्सा बाजूला, उरलेल्या चार हिश्श्यांची चौथाई, म्हणजे एकूण उत्पन्नाचा पाचवाच भाग.

जुना दफ्तरदार
आपली चौथ तरी कुठे मोजून पंचवीस टक्के येत होती? तिचे वाटे बघा : बबती, साहोत्रा, नाडगौडा, मोकासा. नाव चौथ, हिशेब वेगळा. तुमची हरकत परमुलखाची असेल तर ठीक, आकड्याची हरकत टिकत नाही.

पंडितकन्या
चतुर्थांश. कुठलाच वाद नाही.

कृष्णाकाठ
चतुर्थांश म्हटलं की शाळेचं गणित आठवतं, फौज नाही आठवत.

अनिकेत, वार्सा
झामोयस्कीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच्या घराण्याचं चिन्ह तीन भाले, नाव 'येलिता', म्हणजे आतडी. दंतकथा अशी की १३३१ च्या प्वोव्त्सेच्या लढाईत फ्लोरिअन शारी नावाचा शिपाई तीन भाले लागून पडला. आतडी बाहेर आलेली, ती हाताने धरून होता. राजाने विचारलं, फार दुखतंय का? तो म्हणाला, गावातल्या दुष्ट शेजाऱ्यापेक्षा कमी. "हे कमी दुखतं" हेच पुढे घराण्याचं ब्रीद झालं. आणि एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली कितीतरी घराणी हेच चिन्ह वापरतात. याला मराठीत काय म्हणाल? मी 'देवक' म्हणायच्या विचारात होतो.

वासंती जोग
देवक लग्नाला आडवं येतं. एक देवक असेल तर सोयरीक होत नाही. तिकडे तसं बंधन होतं का?

अनिकेत, वार्सा
नव्हतं.

वासंती जोग
मग देवक नाही. कुळचिन्ह म्हणा. ब्रीद मात्र फार सुंदर आहे, पुस्तकात घ्याच.

पंडितकन्या
आणि 'श्लाख्ता'ला काय केलंत सुमेधाताई? उमराव?

सुमेधा
संपादकांनी 'सरदारवर्ग' केलंय. मला पटत नाही. श्लाख्ता म्हणजे लोकसंख्येच्या सहा ते दहा टक्के माणसं. त्यात हजारो असे की एक पडकं घर, दोन बैल, स्वतःच नांगर धरणारे. पण राजा निवडायला झामोयस्कीइतकाच हक्क. आपापसांत बरोबरीने वागायचं, एकमेकांना 'पानिए ब्राचिए' म्हणायचं, म्हणजे 'धनी-भाऊ' असं काहीतरी. झामोयस्कीने १५८९ साली स्वतःची जमीन न वाटता एकाच वारसाकडे जाईल अशी सोय कायद्याने करून घेतली. ती १९४४ पर्यंत टिकली. ही बरोबरी त्यानेच मोडली असा आरोप तेव्हाही झाला.

कृष्णाकाठ
पान म्हणजे धनी? कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश लोकांची छावणी होती, १९४३ ते ४८. आमच्या आजोबांची भाजीची गाडी तिथे जायची. ते सांगायचे, बायका एकमेकींना 'पानी, पानी' अशा हाका मारायच्या. आजोबांना पहिले काही दिवस वाटायचं, यांना सारखी तहान कशी लागते.

अनिकेत, वार्सा
पानी म्हणजे बाई. आज कुणालाही पान-पानी म्हणतात, बस ड्रायव्हरलासुद्धा. पूर्वी ते फक्त उमरावाला लागायचं.

वासंती जोग
म्हणजे आपलं 'राव'! राजाचा राव, मग नावापुढे माधवराव, यशवंतराव, आणि आता टपरीवर "काय राव". 'पानिए ब्राचिए'ला मी तर "रावभाऊ" म्हणेन.

पंडितकन्या
'पान' हा संस्कृत 'पा', रक्षण करणे, यावरून असणार. पती, भूप, नृप, गोप. सरळ दिसतंय.

जुना दफ्तरदार
दिसतं खरं, पण दिसण्यावर व्युत्पत्ती चालत नाही. जुन्या स्लाव्ह भाषांत 'झुपान' असा अधिकारवाचक शब्द आहे, त्याच्याशी 'पान' जोडणारे आहेत, न जोडणारेही आहेत. 'पा' धातूपर्यंत जायला मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतील.

पंडितकन्या
हेत्मान जर्मन 'हाउप्टमान'वरून आला, हे तुम्ही चटकन मान्य करता. संस्कृतचं नाव काढलं की पायऱ्या मागता.

जुना दफ्तरदार
हाउप्टमान ते चेक हेय्त्मान ते पोलिश हेत्मान, ही पायरी मधल्या भाषेत लिहिलेली सापडते. म्हणून मान्य करतो. तुम्हीही लिहिलेलं दाखवा, लगेच मान्य.

वासंती जोग
तुमचं चालू द्या, मला 'राव'बद्दल विचारायचंय. राजन्‌पासून राय, राव इथवर ठीक. पण सुटी हाक म्हणून, कुणालाही, "अहो राव" किंवा "काय राव" हे कधीपासून? नगरकडे, पुण्याकडे जास्त ऐकू येतं. नागपूरकडे माझ्या सासरी जवळजवळ नाहीच, तिथे "काय बे" नाहीतर "भाऊ".

कृष्णाकाठ
आमच्याकडे कोल्हापुरात "काय भावा". राव म्हणजे पुणेरी.

जुना दफ्तरदार
पुणेरी नाही, घाटावरचं सगळीकडचं. कुणाकडे जुन्या लावण्यांची किंवा पोवाड्यांची बाडं असतील तर त्यांत नावाशिवायचा सुटा 'राव' संबोधन म्हणून येतो का, तेवढं बघून ओळ इथे टाका. राजाला किंवा सरदाराला उद्देशून आलेला धरू नका, बरोबरीच्या माणसाला आलेला हवा.