मदत हवी आहे: नव्या लॅपटॉपवर जुने पाठ दिसत नाहीत, प्रोजेक्टरही लागत नाही (सोमवारच्या आत)

खडूफळा (गुरुवार, रात्री ९:४०)

नमस्कार. सोमवारी शाळा सुरू होतेय आणि मी पूर्ण अडकले आहे. नवा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला तर पडद्यावर निळा रंग आणि 'नो सिग्नल'. कन्व्हर्टर आणला, तरी तेच. दुसरं म्हणजे माझे पाठ उघडले की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. ॲनिमेशनच्या जागी नुसता पांढरा चौकोन. चौदा वर्षांचं काम आहे हे. दुकानदार म्हणतो, नवीन करून घ्या. उद्या कोल्हापुरात येणार आहे, काय विकत आणू तेवढं लवकर सांगा.

नववीगल्ली (९:५२)

सर, लॅपटॉपला कोणते पोर्ट आहेत? प्रोजेक्टर कोणता? कन्व्हर्टरवर काय लिहिलंय? पाठ कशात केलेत, कुठल्या फॉन्टमध्ये? आधी कुठल्या मशीनवर चालत होते आणि ते मशीन आता कुठे आहे? यातलं काहीच लिहिलेलं नाही. हवेत काय सांगणार?

खडूफळा (१०:०५)

मी सर नाही, मॅडम. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. प्रोजेक्टर २०१२चा, त्याची निळ्या टोकाची पंधरा पिनांची केबल भिंतीतून नेलेली आहे, ती बदलता येणार नाही. कन्व्हर्टर ३५० रुपयांचा. पाठ पीपीटी आहेत. फॉन्ट नेहमीचाच.

मावळतीचारंकाळा (१०:११)

मॅडम, २०१२च्या प्रोजेक्टरवर आता एक रुपया घालू नका. दिवा गेला की तो भंगारच. आमच्या संस्थेने टचचा मोठा पॅनल घेतला. खिडक्यांना पडदे लावायला नकोत, कन्व्हर्टर नको, केबल नको, लिहिलेलं तिथल्या तिथे सेव्ह होतं. माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढा, लोक देतात.

नववीगल्ली (१०:१५)

सोमवारपर्यंत वर्गणी? त्या पॅनलमधला अँड्रॉइडही चार-पाच वर्षांत जुना होतो आणि मग ॲप अपडेट व्हायचे थांबतात. त्यांचा प्रश्न साडेतीनशे रुपयांच्या वस्तूचा आहे, तुम्ही लाखाच्या गोष्टी सांगताय.

मावळतीचारंकाळा (१०:१९)

वापरून बघा, मग बोला. आमच्याकडे तीन वर्षं एक तक्रार नाही.

आजोबा_कळंबा (१०:२४)

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. नातू आठवीत गेला. त्याला टॅब घ्यावा की लॅपटॉप? बजेट वीस हजार.

शिरोलीचा_पाना (१०:३१)

म्याडम, एक सांगा. त्या कन्व्हर्टरच्या डबीवर बाण असतोय नाहीतर इन आणि औट लिवलेलं असतंय. निळ्या केबलीच्या बाजूला इन लिवलंय का औट? आणि त्याच्यातनं एक बारकी यूएसबीची वायर निघतीय का?

खडूफळा (१०:४०)

निळ्या केबलच्या बाजूला 'व्हीजीए इन' लिहिलंय. हो, यूएसबीची वायर आहे, ती लॅपटॉपला लावली तर लाल दिवा लागतो. म्हणजे चालू आहे ना?

शिरोलीचा_पाना (१०:४४)

चालू हाय, पण उलटा हाय. त्यो व्हीजीएतनं एचडीएमआयमध्ये न्हेतोय, म्हणजे जुना पीसी नव्या टीव्हीला लावायचा. तुमाला नवा लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला लावायचाय. ह्या डब्या दोन्हीकडनं चालत न्हाईत, आत चिप असतीय, ती एकाच दिशेनं काम करतीय. दुकानात 'एचडीएमआय टू व्हीजीए' म्हणून मागा, आणि आवाजाचं भोक असलेलाच घ्या. निळ्या केबलीतनं आवाज जात न्हाई, स्पीकरची वायर डबीलाच लावावी लागतीय. पण आदी लॅपटॉपला एचडीएमआय हाय का बघा. नुसतं टाइप-सी असलं तर हिशेब येगळा.

खडूफळा (१०:५२)

थोडं रुंद, खालचे दोन कोपरे कापल्यासारखं भोक आहे. तेच का?

शिरोलीचा_पाना (१०:५३)

व्हय, तेच. मग झालं तुमचं काम. जोडल्यावर विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबा, 'डुप्लिकेट' निवडा.

नववीगल्ली (१०:५८)

पाना भाऊंचं बरोबर. पुढे कुणी टाइप-सीवाला हा धागा वाचेल म्हणून सांगतो: प्रत्येक टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर पडतंच असं नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो. पोर्टाला 'डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड' आहे का, हे घेण्याआधीच बघायचं.

भुदरगडचा_पाऊस (११:०६)

मला कळत नाही, एवढा आटापिटा कशासाठी? शासनाचं दीक्षा ॲप २०१७पासून आहे. बालभारतीच्या पुस्तकात धड्यावर क्यूआर कोड छापलाय. स्कॅन करा, व्हिडिओ लावा. जुन्या पीपीटी सोडून द्या. माझी बायको शिक्षिका आहे, ती तेच वापरते.

खडूफळा (११:२८)

ते मीही वापरते, चांगलं आहे. पण माझ्या पाठांत काय आहे ते सांगते, म्हणजे कळेल. दहावीला अप्रकट उष्मा शिकवताना मी आमच्याच गावच्या गुऱ्हाळाचे फोटो दाखवते. काहिलीत रस उकळतोय, खाली चुलवाणात जाळ सारखा चालू आहे, आणि तापमापीचा पारा बराच वेळ हललेलाच नाही. एवढी उष्णता गेली कुठे? हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात, कारण त्यातल्या निम्म्यांनी त्या काहिलीजवळ उभं राहून गरम काकवी खाल्लेली असते. द्रवाच्या दाबाला राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांचे फोटो आहेत. पाणी एका पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, मोटर नाही की माणूस नाही. तो फोटो मी भर पावसात छत्री धरून काढलाय. ॲपमधल्या व्हिडिओत ही काहील आणि हा दरवाजा कुठून येणार? म्हणून सोडवत नाही.

निवृत्त_गणित (११:४१)

मॅडम, तुमचं म्हणणं मला आतून पटलं. १९८४ साली केंद्र सरकारचा शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला, त्यात बीबीसी मायक्रो ही यंत्रं आली. मॉडेल बीची स्मृती ३२ किलोबाइट. मी बेसिक या संगणकाच्या भाषेत रात्ररात्र बसून भूमितीचे प्रोग्रॅम लिहिले होते. मुलं खिडकीला लटकून बघायची. सव्वापाच इंची फ्लॉपी अजून कपाटात आहेत, वाचणारं यंत्र नाही. तुमचे पाठ तसे कपाटात जाऊ देऊ नका. माझ्याकडे तांत्रिक उत्तर नाही, पण हे सांगावंसं वाटलं.

पेंग्विन_पन्हाळा (११:५०)

या सगळ्यावर एकच उपाय, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही प्रणाली. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, व्हायरसची कटकट जवळपास नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा पाठिंबा संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही म्हणून चांगले चालणारे पीसी विंडोज ११ घेत नाहीत आणि शाळा ते भंगारात काढतायत. जुन्या पीसीवर मिंट टाका आणि तोच वापरा.

नववीगल्ली (११:५४)

भावा, त्यांच्याकडे विंडोज ११चा नवा लॅपटॉप आहे. जुना पीसी आहे की नाही हेच अजून त्यांनी सांगितलेलं नाही.

पेंग्विन_पन्हाळा (११:५७)

म्हणूनच विचारतोय. आणि लॅबमध्ये बाकीचे पीसी असतीलच. त्यांचं काय करणार आहात?

अक्षरजुळणी (शुक्रवार, सकाळी ७:१२)

लॅबचं नंतर बघू. मॅडम, मी २२ वर्षं डीटीपी करतोय, लक्ष्मीपुरीत. 'नेहमीचा फॉन्ट' म्हणजे श्रीलिपी ना? पीसीच्या मागे श्रीलिपीचा छोटा डोंगल (परवान्याची किल्ली) लावलेला होता का? आणि नववीगल्लींनी काल विचारलेलं, ते जुनं मशीन कुठे आहे? त्याची हार्डडिस्क कुठे आहे? आधी हे सांगा.

खडूफळा (७:३५)

हो, श्रीलिपीच. डोंगल होता. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली तेव्हा पीसी जळाला. दुकानदाराने डिस्क चांगली आहे म्हणून सांगितलं आणि डॉक्युमेंट्स काढून पेनड्राइव्हवर दिली. डिस्क त्याच्याकडेच आहे. दुसऱ्या कुणाच्या पीसीत घालणार म्हणत होता.

अक्षरजुळणी (७:३८)

आत्ता फोन करा. फॉरमॅट करू नको म्हणून सांगा. जाताना पहिलं काम ती डिस्क ताब्यात घ्या, कन्व्हर्टर नंतर.

अक्षरजुळणी (७:५६)

कारण सांगतो. तुमचे पाठ बिघडलेले नाहीत. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे जुने फॉन्ट युनिकोड नव्हेत (युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे ठरलेले क्रमांक असतात). फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात, त्यावर मराठी आकार चढवतो तो फॉन्ट. फॉन्ट नसला की खालची अक्षरं उघडी पडतात, तीच तुमची खिचडी. दुकानदाराने डॉक्युमेंट्स दिली, फॉन्ट दिले नाहीत. ते जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरमधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये असतात. 'श्री-देव' आणि पुढे चार आकडे अशा नावांच्या फाइली शोधा, नव्या लॅपटॉपवर कॉपी करा, राइट क्लिक करून इन्स्टॉल. पाठ जसेच्या तसे दिसतील. डोंगल नसेल तर त्या फॉन्टात नवीन टाइप करता येणार नाही, पण दाखवता येईल.

डिस्क डेस्कटॉपची म्हणजे साडेतीन इंची असणार. तिला बारा व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबी वायरवर फिरत नाही. वेगळा पॉवर ॲडॉप्टर असलेलं 'साटा टू यूएसबी' घ्या. नाहीतर डिस्क घेऊन माझ्याकडे या, मी काढून देतो, पैसे नकोत.

युनिकोड_हाच_मार्ग (८:२०)

हे मलमपट्टीचं काम झालं. जुने फॉन्ट टाकून दाखवत राहिलात तर पाच वर्षांनी परत हीच वेळ येणार. सगळं एकदाच युनिकोडमध्ये बदला. कन्व्हर्टर ऑनलाइन मिळतात. विंडोज ११मध्ये मराठी कीबोर्ड आधीच आहे, इनस्क्रिप्टही आणि उच्चारावरून टाइप करायचाही. फोनवर वाचता येईल, शोधता येईल, मुलांना पाठवता येईल.

अक्षरजुळणी (८:३४)

साहेब, मी रोज कन्व्हर्ट करतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार तिथे अक्षराच्या नंतर, इथे आधी. कन्व्हर्टर नेमका तिथेच चुकतो. विज्ञानाच्या पाठात 'ऊर्जा', 'घर्षण', 'विद्युत' यांचं काय होतं ते मी पाहिलंय. प्रत्येक स्लाइड माणसाने तपासावी लागते. तीन दिवसांत होणारं काम नाही.

युनिकोड_हाच_मार्ग (८:४१)

तीन दिवसांत करा असं मी म्हटलेलं नाही. पण सुरुवात करा. दर आठवड्याला एक पाठ, शिकवायच्या आधी. तसं वर्षभरात होईल.

अक्षरजुळणी (८:४४)

हे मान्य.

पेंग्विन_पन्हाळा (८:५०)

ते फॉन्ट लिनक्सवरही चालतात, लिब्रेऑफिसमध्ये दिसतात.

स्वारगेट_ते_सीबीएस (९:१५)

ॲनिमेशनचं कुणीच सांगितलं नाही. मॅडम, ती फ्लॅश या ॲनिमेशनच्या जुन्या प्रोग्रॅमची असणार. ३१ डिसेंबर २०२० पासून फ्लॅश बंद झालं आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फाइल चालवणंच थांबवलं. त्या फाइलींच्या नावाच्या शेवटी एसडब्ल्यूएफ आहे की ईएक्सई? ईएक्सई असेल तर प्लेअर तिच्या आतच असतो, डबल क्लिक करून बघा. एसडब्ल्यूएफ असेल तर 'रफल' नावाचा मोफत प्रोग्रॅम उतरवा. जुन्या साध्या फाइली त्यात छान चालतात, नंतरच्या गुंतागुंतीच्या सगळ्या चालतीलच असं नाही. पीपीटीच्या आत बसवलेलं चालणार नाही, वेगळी खिडकी उघडून दाखवावं लागेल.

नाही चाललं तर 'फेट'ची सिम्युलेशन बघा, कोलोरॅडो विद्यापीठाची. तीही आधी जावा आणि फ्लॅशमध्ये होती, नंतर त्यांनी एकेक करून एचटीएमएल ५मध्ये आणली. काही मराठीतही आहेत. फाइल उतरवून ठेवली की इंटरनेट लागत नाही.

आजोबा_कळंबा (९:४०)

माझ्या प्रश्नाचं कुणी बघेल का?

भुदरगडचा_पाऊस (९:४८)

आजोबा, टॅब नको. टाइप करायची सवय लागत नाही, मुलगा नुसता बघत बसतो. वीस हजारात वापरलेला लॅपटॉप चांगला मिळेल, पण इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आहे याची खात्री करा, म्हणजे विंडोज ११ घेईल. एसएसडी (वेगवान डिस्क) असलेलाच घ्या.

खडूफळा (शनिवार, सायंकाळी ६:१८)

सगळ्यांना कळवायचं होतं. दुकानदाराने डिस्क काल संध्याकाळी फॉरमॅट करायची ठेवली होती. फोन वेळेवर झाला. अक्षरजुळणी दादांनी लक्ष्मीपुरीत अर्ध्या तासात फॉन्ट काढून दिले, चहाही पाजला. काहिलीचा पाठ अक्षर न् अक्षर दिसला. बाकी सगळी डिस्क दोन ठिकाणी कॉपी करून ठेवली आहे.

पाना भाऊ, सरळ कन्व्हर्टर २८० ला मिळाला. आज शाळेत जाऊन लावला, पहिल्या झटक्यात चित्र आलं, आवाजही. धन्यवाद.

एकूण अकरा एसडब्ल्यूएफ होत्या. आठ रफलमध्ये चालल्या. विद्युत चलित्राची चालत नाही, कॉइल अर्धी फिरून थांबते. पण तो धडा दिवाळीआधी येत नाही, तोवर बघू. लॅबमध्ये विंडोज १०चे आठ पीसी आहेत. पेंग्विन दादा, एकावर मिंट टाकून बघायची माझी तयारी आहे, मुख्याध्यापकांना विचारून कळवते.

निवृत्त सर, तुमच्या त्या फ्लॉपींवर नेमकं काय आहे?

निवृत्त_गणित (सायंकाळी ७:०२)

एका फ्लॉपीवर वर्तुळ आहे. स्पर्शिका सरकवली की स्पर्शबिंदूतून काढलेली त्रिज्या तिच्याबरोबर फिरायची आणि कोन काटकोनच राहायचा. तुमची चलित्राची फाइल जिथे थांबते, तिथला फोटो इथे टाका. प्रोग्रॅम लिहिणं मी अजून विसरलेलो नाही, जिओजेब्रा हा गणिताच्या आकृत्यांचा प्रोग्रॅमही शिकलो आहे. पुढच्या आठवड्यात बसतो.