पोर्तोला एकच दिवस अन् तोही पावसाचा, आईबाबांना घेऊन काय करावं?

जालन्याची लेक
नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन पोर्तुगालला जायलोत, लिस्बनला चार दिवस अन् पोर्तोला पूर्ण असा एकच, आणि नेमका त्याच दिवशी मोबाईल सकाळपासून रात्रीपर्यंत पाऊस दाखवायलाय. बाबांची कडवंचीकडं द्राक्षबाग आहे, थॉमसन अन् माणिक चमन. आयुष्यभर खायचीच द्राक्षं पिकवली, आता वाईनचा कारभार एकदा डोळ्यानं बघायचाय एवढंच त्यांचं म्हणणं. दुओरो खोऱ्यात दिवसभराची टूर करायची ठरवली होती, पण धुक्यापावसात घाटानं जाऊन काही दिसलंच नाही तर? बाबा कधीमधी एखादा पेग घेतात, आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. गेल्या साली मण्यात पाणी उतरलं होतं, म्हणजे घड पिकायला लागले होते, अन् अवकाळीनं निम्मा माल तडकला, तेव्हापासून आभाळ भरून आलं की बाबा गप्प होतात. त्यांचा हा दिवस चांगला जावा असं लई वाटतंय. कुणी गेलंय का पावसात?

परभणीकर
ताई, आम्ही नोव्हेंबरात गेलतो, दोन दिवस धो धो. खोऱ्याचा नाद सोडा, पोर्तोच्या नदीपलीकडं गाया (विला नोव्हा द गाया) नावाचं गाव आहे, तिथं जा. द्राक्षं खोऱ्यात पिकतात पण पोर्ट वाईन मुरते गायाच्या गोदामांत, कारण खोऱ्यात उन्हाळा आपल्यासारखाच भाजून काढणारा अन् गायाला समुद्राची दमट थंड हवा. पूर्वी पिंपं राबेलो नावाच्या सपाट होड्यांतून नदीनं खाली यायची, आणि १९८६ पर्यंत पोर्ट बाहेर देशात पाठवायची तर ती गायातूनच जावी लागायची. आत गेलं की बाहेर पाऊस आहे हेच विसरतो माणूस, अंधारात सागवानी वाड्यातल्या कोठारासारखा वास अन् रांगेनं पिंपंच पिंपं, एकेका पिंपात साधारण ५५० लिटर.

बाबांना हे सांगून ठेवा की रस आंबत असतानाच मधे सुमारे ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू ओततात, त्यानं आंबणं थांबतं अन् द्राक्षाची साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड लागते पण असते १९-२० टक्क्यांची. गोड आहे म्हणून पाण्यासारखी पिऊ नये. आम्ही उपाशीपोटी तीन ठिकाणी टेस्टिंग केलं अन् उतारावरच्या ओल्या दगडांवर माझ्या मेव्हण्याचा पाय घसरला, मनगट सुजलं, राहिलेला दिवस मेडिकल शोधण्यात गेला. दोनच गोदामं करा, पहिल्याचं बुकिंग आधी करून ठेवा, अन् ग्लास पूर्ण संपवायलाच पाहिजे असं काही नसतं, तिथं थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, कुणी नावं ठेवत नाही. रुबी अन् टॉनी असे पोर्टचे दोन प्रकार, दोन्ही शेजारी शेजारी मागा. रुबी मोठ्या टाकीत राहते म्हणून लालभडक, टॉनी लहान पिंपात वर्षानुवर्षं लाकडातून हवा खात काकवीच्या रंगावर येते. मला २० वर्षांची टॉनी सगळ्यात आवडली, अक्रोड अन् सुक्या अंजिराची चव.

आणि छत्री नका नेऊ, रेनकोट न्या. गायाला जायचा जो दोन मजली लुईस पूल आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर वारा असा की छत्री उलटीच होते, पावसात खालच्या मजल्यावरून चालत जा.

लातूरची सुनबाई
काकूंच्या जेवणाचं सांगते कारण माझ्या सासूबाई पण तशाच. काल्दो व्हेर्द म्हणून बटाटा अन् हिरव्या पानांचं गरम सूप मिळतं, पावसात त्याच्याइतकं छान काही नाही, पण त्यात सॉसेजचा काप टाकतात अन् कधी कधी सूपच त्याच्यासोबत उकळलेलं असतं, म्हणून आधीच "सेम कार्ने" म्हणजे मांसाशिवाय असं सांगून शिजवताना पण नाही ना ते विचारा. त्यातल्या पानांना ते कोव्ह म्हणतात, आपला कोबी हा शब्द तिथूनच आलाय, बटाटा अन् पाव पण त्यांचेच. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या वेटरशी मराठीतच बोलायला लागल्या अन् दोघांचं जमलं पण!

सेरा दा एस्त्रेलाचं मेंढीच्या दुधाचं चीज नक्की घ्या, ते एका काटेरी फुलाच्या अर्कानं विरजतात, प्राण्याचं रेनेट (वासराच्या पोटातलं विरजण) नसतं. सोबत आव्हिंतेशची ब्रोआ, मका अन् राय (rye) नावाच्या धान्याची काळपट घट्ट भाकरी. नाताचे टार्ट मात्र काकूंना नाही चालणार, अंडं असतं. आणि टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवलं तर ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत करा. दुपारी तीननंतर बऱ्याच ठिकाणी स्वैपाकघर बंद, सातच्या पुढंच उघडतं, तेवढं जेवणाचं बघून ठेवा.

बागाईतदार धाराशिव
काकांसाठी लिहितो. तिथं छाटणी एकदाच, हिवाळ्यात, कारण थंडीनं वेल पूर्ण झोपतो. आपला वेल झोपतच नाही म्हणून आपल्याला एप्रिलची खरड अन् ऑक्टोबरची गोडी अशा दोन कराव्या लागतात. जमीन म्हणजे शिस्ट, पापुद्र्यापापुद्र्याचा खडक, त्याच्या फटींतून मुळं खोल जातात. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या मुळं पोखरणाऱ्या किडीनं बागाच्या बागा बसल्या, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम. आपण डॉगरीज खुंटावर करतो तसंच, फक्त आपलं कारण क्षार अन् पाण्याचा ताण. काकांनी गोदामात गाईडला खुंटाचं विचारावं, शेतकऱ्यानं विचारलं की ते मन लावून सांगतात.

जालन्याची लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. खुंटाचं ऐकून उठून बसले, डायरी मागितली अन् पाच प्रश्न लिहून काढले, मला म्हणले इंग्रजीत करून दे. खोऱ्याची टूर रद्द केली, गायाचं सकाळी अकराचं बुकिंग झालंय, त्याच्याआधी पोटभर नाष्टा. परभणीकर दादा, मेव्हण्यांचं मनगट बरं झालं का?