प्रतिसाद: वडिलांना रोबोटवर न्यावं का?

वडिलांना अर्धांगवायू होऊन पाच आठवडे झाले, उभं राहता येत नाही, कोल्हापुरातून पुण्याला चालायचा सराव करून घेणाऱ्या रोबोटसाठी नेऊ का, असं तुम्ही विचारलंय. वर कुणी ‘नुसता पैसे काढायचा धंदा’ म्हटलंय, ते मला पटत नाही.

लोकोमॅटसारख्या यंत्रात, म्हणजे याच रोबोटात, माणसाला पट्ट्यांनी तोलून अंगाचा काही भार उचलतात. मोटारी खुबा नि गुडघा हलवून ट्रेडमिलवर पाऊल टाकायला लावतात. माणसाचे हात दमतात, यंत्र दमत नाही. पावलं भरपूर होतात. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) ६२ चाचण्या, २४४० रुग्ण होते. यंत्राविना उपचार झालेल्यांपेक्षा, यंत्र नि फिजिओथेरपी दोन्ही मिळालेल्यांपैकी जास्त जण स्वतःच्या पायांनी चालू लागले. खरा फायदा पहिल्या तीन महिन्यांत, आणि अजिबात न चालणाऱ्यांना. तुमचे वडील दोन्हीत बसतात.

आमच्या मामांना आम्ही दीड वर्षानं नेलं, तेही काठीवर चालत असताना. फारसा फरक पडला नाही. (उशीर आमचाच, यंत्राला काय बोलणार!)

तोलाचं मात्र वेगळं. अशा यंत्रात कंबर धरलेलीच असते, मग तोल सावरायची वेळ येते कुठं? मामांचा तोल सुधारला तो घरात खुर्चीतून उठबस करून, ओट्याला धरून आडवी पावलं टाकून. आता रंकाळ्यावर संध्याकाळी कट्ट्यापर्यंत जातात, भेळ खायला.

जाण्याआधी बीपी आटोक्यात आहे ना, हे डॉक्टरांना विचारा. फिजिओंकडून बर्ग तोल चाचणीचे ५६ पैकी गुणही लिहून घ्या; महिन्यानं ताडून बघता येतील.