पावसाळ्यात पियानोच्या पट्ट्या खालीच बसून राहतात

प्रश्न (वसईहून):
आजोबांचा उभा पियानो आमच्या जुन्या घरात आहे. जुलैपासून मधल्या सात पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, बोटाने उचलाव्या लागतात. सूरही उतरलाय, मधला ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झऐवजी ४१५ दाखवतो. शेजारचे काका म्हणतात, शिवणमशिनचं तेल सोडा. लेकीची परीक्षा डिसेंबरात आहे. सोडू का?

उत्तर (ठाणे):
पियानो पावसाच्या भिंतीला टेकलाय का? आधी वीतभर पुढे ओढा. आमचा निम्मा त्रास तेवढ्यानेच गेला.

उत्तर (मडगावहून, पियानो दुरुस्त करतो):
ताई, तेल अजिबात नको! फेल्ट, म्हणजे आतलं लोकरीचं जाड कापड, ते पिऊन टाकतं, धूळ धरतं आणि मग बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

प्रत्येक पट्टी दोन खिळ्यांवर बसते, एक मध्ये, एक पुढे. त्या भोकांना आतून फेल्ट असतं. ओल धरली की ते फुगतं आणि खिळा आवळतं. पट्टी डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचितही हलत नसेल तर दोष इथेच. पट्टी मोकळी असेल तर वरची फळी काढा, हळू दाबा आणि तारेवर आपटणारी हातोडी बघा. ती तारेजवळून रेंगाळत परतत असेल तर तिच्या बिजागरीची पिन आवळली आहे.

खालची फळी काढून आत २५ वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा. एलईडी नको, तो ऊब देत नाही. लाकडापासून, कापडापासून वीतभर लांब ठेवा, आणि घरात कुणी असेल तेव्हाच. आठवडाभर धीर धरा.

मला जास्त काळजी सुराची वाटते. पावसात साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगून सूर उलट चढतो. तरी तुमचा पियानो अर्ध्या स्वराने खाली आहे, म्हणजे जानेवारीत आणखी उतरेल. दोनशेवर तारा, सगळ्यांचा मिळून ओढा १५-२० टनांचा. एका बैठकीत ४४०ला नेलं तर गंजलेल्या तारा तुटतील, आणि आधी लावलेल्या तारा पुढच्या ताणताना पुन्हा उतरतील. म्हणून पाऊस सरला की ऑक्टोबरअखेर पहिली फेरी, दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. ट्यूनरला, म्हणजे सूर लावणाऱ्याला, आधी तारा गुंडाळलेल्या खुंट्या तपासायला सांगा. सैल असतील तर जाड खुंट्या घालाव्या लागतील.

प्रश्नकर्ती:
नऊ दिवस बल्ब लावला. चार पट्ट्या सुटल्या! पाचवीच्या शेजारी फटीत दहा पैशांचं नाणं अडकलेलं, ते चिमट्याने काढलं. उरलेल्या दोन पट्ट्यांच्या हातोड्या तुम्ही म्हणालात तशाच रेंगाळतात. खाली फेल्टला थोडी कसरही लागलीय.

मडगावहून:
छान केलंत. कसर व्हॅक्यूमने ओढून घ्या, फेल्टवर फवारा मारू नका. त्या दोन हातोड्यांना हात लावू नका, ट्यूनर आला की त्यांच्या पिना मोकळ्या करून देईल. तोवर लेकीला रोज वाजवू द्या आणि बल्ब चालू ठेवा.