आतून इन्सुलेशन केलं, तरी बाल्कनीजवळ गारठा आणि बुरशी, काय करावं?

प्रश्न:
बिल्डिंग जुनी आहे, विटांच्या भिंती आणि काँक्रीटचे स्लॅब. भिंतींना आतून इन्सुलेशन करून घेतलं, भिंत आता गार लागत नाही, पण बाल्कनीच्या दारापाशी फरशीवर पाय ठेववत नाही आणि खिडकीच्या चौकटीलगत काळी बुरशी धरतीये जी आधी नव्हती. थर अजून जाड केला तर थांबेल का? घरात लहान मूल आहे म्हणून जास्त काळजी वाटते.

उत्तर १:
जाडी वाढवून नाही थांबणार. बाल्कनी म्हणजे घरातलाच स्लॅब भिंतीतून सरळ बाहेर गेलेला, मधे कुठेच तोड नाही, आणि काँक्रीटमधून मिनरल वूलच्या (इन्सुलेशनसाठी वापरतात ती खनिज तंतूंची लोकर) निदान चाळीस-पन्नास पट उष्णता जाते, वर आत लोखंडी सळया. शिवाय आतून इन्सुलेशन केलं की विटांना घरातली ऊब मिळत नाही, त्या जास्त थंड होतात आणि त्यांना चिकटलेला स्लॅब नि चौकटीची कडपण थंड होते, म्हणून बुरशी आता आली.

उत्तर २:
बुरशीला पाणी दिसायलाच हवं असं नाही बरं का. खोलीत 20 डिग्री आणि 50 टक्के आर्द्रता धरली तर दव साधारण 9 डिग्रीला पडतं, पण पृष्ठभाग साडेबारा डिग्रीच्या आसपास आला की त्याला लागून असलेल्या हवेची आर्द्रता 80 टक्के होते आणि असं बरेच दिवस राहिलं की बुरशीला तेवढं पुरतं. थंडीत पहाटे इन्फ्रारेड थर्मामीटरने कोपरे मोजा.

प्रश्नकर्ता:
मोजतो. पण मग बाल्कनी तोडायची का?

उत्तर १:
लगेच नको. आधी चौकटीलगतच्या भिंतीला 2-3 सेंमीचा इन्सुलेशन बोर्ड अगदी चौकटीला भिडेपर्यंत लावा, बहुतेक वेळा नेमकी हीच जागा सोडून देतात. छताला भिंतीपासून अर्धा मीटर आतपर्यंत इन्सुलेशनचा पट्टा. बाल्कनीचा स्लॅब वरून, खालून आणि कडेने गुंडाळता येतो, फक्त वरचा थर दाराच्या उंबऱ्यापेक्षा वर गेला तर पावसाचं पाणी आत येईल, ते आधी बघा. सगळ्या बिल्डिंगचं काम निघणार असेल तर मात्र बाहेरून इन्सुलेशनचा आग्रह धरा, स्लॅबच्या कडा, लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई) सगळं एकदम झाकलं जातं.

उत्तर ३:
कुठल्या मजल्याला लाकडी तुळया असतील तर आतून काही लावण्याआधी भिंतीत गेलेली त्यांची टोकं उघडून बघा. भिंत थंड झाली की तिथे ओल धरते आणि लाकूड आतल्या आत कुजतं, वरून काही कळत नाही.